रेग्युलर की बाहेरून?

मेहकरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सातबारा, पीक विमा आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या भरतीचे फॉर्म. मागच्या आठवड्यात डोणगावकडची एक मुलगी आली होती. पुण्याच्या एका खाजगी कंपनीचा फॉर्म होता. नाव, जन्मतारीख, टक्केवारी सगळं भरून झालं आणि एका रकान्यापाशी ती थांबली. 'शिक्षणाचा प्रकार : नियमित / दूरस्थ'.

"दादा, इथं काय टाकू?"

"जे आहे ते टाक."

"मंग ते बोलावतीन का?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण मीही बी.ए. 'बाहेरून'च केलं आहे. सकाळी नऊ ते रात्री आठ एका कृषी केंद्राच्या काउंटरवर खताच्या गोण्यांचा हिशोब आणि रविवारी संपर्क सत्र, अशी तीन वर्षं काढली. पदवी हातात आल्यावर ट्रॅव्हल्सने रात्रभर प्रवास करून पुण्यात मुलाखतीला गेलो. समोरच्या साहेबांनी गुणपत्रिका चाळली आणि एकच विचारलं, "रेग्युलर की एक्स्टर्नल?" मी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्यांनी काही विचारलंच नाही, चहा मात्र पाजला. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाही.

त्या मुलीला देता न आलेलं उत्तर मी गेले आठ दिवस शोधतोय. शोधताना मागे मागे गेलो तर लक्षात आलं की 'आतून' शिकलेले आणि 'बाहेरून' शिकलेले हे भांडण मुक्त विद्यापीठाच्याही आधीचं आहे. ते थोडं सविस्तर लिहितो. पोस्ट लांबेल, पण ज्यांच्या घरात कुणी बाहेरून शिकलंय त्यांनी शेवटपर्यंत वाचावी.

सुरुवात १८८२ पासून करू. त्या वर्षी इंग्रज सरकारचा हंटर आयोग शिक्षणाची चौकशी करत होता आणि जोतीराव फुल्यांनी त्याला आपलं निवेदन दिलं. त्यातली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी आपण सगळे भाषणात ऐकतो. पण त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, जो कोणी फारसा सांगत नाही. मुंबई विद्यापीठाने तेव्हा प्रवेश परीक्षेला, म्हणजे मॅट्रिकला, खाजगी अभ्यास करून बसायची मुभा दिली होती. फुल्यांनी तिचं स्वागत केलं आणि म्हटलं, हीच सवलत बी.ए., एम.ए.लाही द्या. पुष्कळांना कॉलेजात जाऊन शिकणं परिस्थितीमुळे जमत नाही. खाजगी अभ्यासाला पदवी मिळू लागली तर कितीतरी तरुण शिकतील आणि ज्ञान पसरेल.

म्हणजे ज्याला आज आपण दूरस्थ शिक्षण म्हणतो, त्याची मागणी या मातीत सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. आणि ती करणारा माणूस हवेत बोलत नव्हता. १८५५ साली पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा त्यांनीच चालवली होती. दिवसभर राबणाऱ्याला शिकायचं तर वेळ रात्रीची असते, हे त्यांना ठाऊक होतं.

त्याच निवेदनात त्यांची दुसरी तक्रारही होती. सरकारी शाळा-कॉलेजातून कारकून आणि शाळामास्तर तयार होतात, जगण्याच्या व्यवहाराला लागणारं शिक्षण मिळत नाही. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. दार सगळ्यांना उघडा, ही पहिली. आत जे शिकवता ते पोटाला उपयोगी पडेल असं करा, ही दुसरी. पुढच्या इतिहासात पहिली मागणी हळूहळू मान्य होत गेली. दुसरी तशीच राहिली.

आता आपल्या वऱ्हाडाकडे या. नागपूरला हिस्लॉप कॉलेज १८८३ चं, मॉरिस कॉलेज १८८५ चं. अमरावतीला किंग एडवर्ड कॉलेज सुरू झालं १९२३ साली आणि नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचं. त्याआधी वऱ्हाडातल्या पोराला पदवी हवी असेल तर नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. अकबराच्या काळात मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातलं एक 'सरकार' होतं, म्हणजे महसुलाचं मोठं ठाणं. पण शिक्षणाच्या नकाशावर आपण फार दूर. रेल्वे तेव्हाही नव्हती, आजही नाही. खामगाव-जालना रेल्वेमार्गाच्या गोष्टी आपल्या आजोबांनीही ऐकल्या होत्या.

मग बाहेरगावी शिकायला जायचा कोण? ज्याच्या घरी जमीन भरपूर, किंवा वकिली-सावकारी, किंवा शहरात कोणी नातेवाईक. बाकीच्यांसाठी होती 'फायनल'. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी. ती पास झाली की शाळामास्तर होता यायचं. आपल्या भागातल्या कितीतरी घरांतला पहिला नोकरदार हा फायनल पास मास्तर आहे. माझ्या आजोबांचे थोरले भाऊ असेच. त्यांच्या एका पगारावर चार भावांचा संसार उभा राहिला.

इथून एक शिडी सुरू होते, ती नीट पाहा. फायनलवर नोकरी लागायची, तेव्हा फायनलपर्यंत पोचणारे थोडे. ते वाढले तशी अट मॅट्रिक झाली. मॅट्रिकवाले वाढले, १९७५ पासून दहावी आणि पुढे बारावी आली, तसं मास्तरकीला बारावी-डी.एड. लागायला लागलं. मग इतर नोकऱ्यांना पदवी. गरिबाच्या घरातलं पोर एका पायरीवर पाय ठेवतं तोवर नोकरी वरच्या पायरीवर गेलेली असते. असं मुद्दाम कोणी केलं, असं मी म्हणत नाही. अर्जदार जास्त आणि जागा कमी असल्या की अट वाढवणं हा चाळणीचा सगळ्यात सोपा मार्ग असतो. पण त्या चाळणीतून खाली कोण राहतं, ते दर वेळी ठरलेलं असतं.

या शिडीवर उशिरा चढणाऱ्यांसाठी काही जणांनी जागा केल्या. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला वसतिगृह आणि मग शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, म्हणून वऱ्हाडातल्या कुणब्या-माळ्याच्या पोराला कॉलेजचं तोंड दिसलं. भाऊराव पाटलांनी साताऱ्याकडे 'कमवा आणि शिका' रुजवलं. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. सकाळी कॉलेज, मग ऑफिस. वेळापत्रक बदलणं ही दिसायला छोटी गोष्ट. पण कॉलेजची वेळ अकरा ते पाच असली की शिकायला फक्त तोच येऊ शकतो, ज्याला अकरा ते पाच कमवावं लागत नाही. वर्गव्यवस्था पुस्तकात वाचायची गरज नाही, वेळापत्रकात दिसते.

स्वातंत्र्यानंतर बहुतेक विद्यापीठांत शिक्षकांना आणि स्त्रियांना खाजगी परीक्षार्थी म्हणून बसायची सोय होती. 'बहिःस्थ' हा शब्द तिथला. बोलताना त्याचं झालं 'बाहेरून'. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९६४ ते ६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने पत्राद्वारे आणि अर्धवेळ शिक्षण वाढवा असं सांगितलं. या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. १९७१ साली मुंबई विद्यापीठातही पत्राद्वारे अभ्यासक्रम सुरू झाले.

तिकडे इंग्लंडात हॅरॉल्ड विल्सन यांनी १९६३ साली रेडिओ-टीव्हीवरून शिकवणाऱ्या विद्यापीठाची कल्पना मांडली, १९६९ साली तिथलं मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि १९७१ पासून शिकवायला लागलं. प्रवेशाला आधीच्या शिक्षणाची अट नाही, ही तेव्हा जगाला नवी गोष्ट होती. पण गंमत बघा. मजुरांना विद्यापीठाचं दार उघडायचं म्हणून गाजावाजा झाला आणि सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत मोठा भरणा निघाला शिक्षकांचा. ज्यांच्याकडे नोकरी होती, वाचायची सवय होती आणि पदवी आली की पगार वाढणार होता, ते आधी आले. हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडेही तेच झालं.

भारतात पहिलं मुक्त विद्यापीठ आंध्रात, १९८२ साली. दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चं. आणि १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. ब्रीद ठेवलं 'ज्ञानगंगा घरोघरी'. फुल्यांच्या निवेदनानंतर १०७ वर्षांनी महाराष्ट्राने त्यांची ती मागणी पूर्णपणे मान्य केली, असं म्हणायला हरकत नाही.

मुक्त विद्यापीठाने आपल्यासारख्या गावात काय केलं, हे शहरातल्या माणसाला सांगून समजत नाही. बारावी सुटलेल्याला 'पूर्वतयारी' करून बी.ए.ला बसता आलं. पुस्तकं मराठीत, सोप्या भाषेत. अभ्यासकेंद्र तालुक्यातल्याच कॉलेजात, सत्र रविवारी. लग्न होऊन दोन लेकरं झालेल्या बाया पदर खोचून परीक्षेला बसल्या. सासू बाहेर नातवाला घेऊन उभी आणि सून आत पेपर लिहितेय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या रविवारच्या वर्गात एसटीचा कंडक्टर होता, होमगार्ड होता, दोन अंगणवाडी सेविका होत्या, पतसंस्थेचा शिपाई होता, आणि माझ्यासारखे दुकानात कामाला असणारे पाच-सहा जण. समंत्रक सर शिकवायचे तेव्हा मागच्या बाकावर कोणी ना कोणी डुलक्या घ्यायचा. आळस नव्हता तो, रात्रपाळी होती.

आता मूळ मुद्दा. त्याच वर्गातल्या लोकांचं पुढे काय झालं?

शिपायाला पदवी मिळाली, काही वर्षांनी तो लिपिक झाला. मुख्यसेविकेच्या पदाला पदवी लागते. आमच्यातल्या एका अंगणवाडी सेविकेने पदवीनंतर त्याची परीक्षा दिली आणि निवडली गेली. कंडक्टर दादा वाहतूक नियंत्रक झाला. आणि आम्ही दुकानातले पाच-सहा? एक जण अजून त्याच दुकानात आहे. दोघं रांजणगाव आणि चाकणला कंत्राटी कामावर आहेत, तिथे त्यांची पदवी कोणी मागितलीच नाही. एकाने शेती धरली. मी हे दुकान टाकलं.

पदवी सगळ्यांची एकच होती. पुस्तकं तीच, पेपर तेच, प्रमाणपत्रावरची सही तीच. पण ज्याच्याकडे आधीच पाय ठेवायला नोकरी होती, त्याला ती पदवी बढती होऊन मिळाली. ज्याच्याकडे काही नव्हतं, त्याला ती फक्त पात्रता होऊन मिळाली. पात्रता म्हणजे फॉर्म भरायचा अधिकार. त्याचा पुढचा रस्ता त्याने स्वतः शोधायचा. बाहेरून शिकलेल्यांच्या नोकरीचा प्रश्न आपण नेहमी पदवीचा प्रश्न समजतो. मला तो पदवीधराच्या पाठीमागे काय उभं आहे याचा प्रश्न वाटतो.

त्यात वेळही वाईट साधली. विद्यापीठ आलं १९८९ ला आणि दोनच वर्षांत देशाचं आर्थिक धोरण बदललं. सरकारी नोकरभरती आटत गेली. २००० साली शिक्षणसेवक आले, म्हणजे मास्तरकीतही आधी काही वर्षं मानधनावर काढायची. २००१ पासून एमएससीआयटी आलं आणि पदवीच्या जोडीला संगणकाचं प्रमाणपत्र लागायला लागलं. ज्या खाजगी नोकऱ्या वाढल्या त्या पुणे-मुंबईत, इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी. म्हणजे पदवीची पायरी आपल्या पायाखाली आली, तोवर शिडी पुन्हा वर सरकली होती. २०२३ च्या तलाठी भरतीचं आठवा. साडेचार हजारांच्या आसपास जागा आणि अर्ज दहा लाखांवर. माझ्या दुकानापुढे तेव्हा रात्री अकरापर्यंत रांग होती. फीचे पैसे उसने आणणारी पोरं होती. एकेकाळी कमी शिकलेल्यालाही मिळणाऱ्या त्या कामासाठी आता पदवीधरांची जत्रा.

बरं, सरकारने मान्यता दिली नाही असं नाही. उलट ती वारंवार द्यावी लागली. १ मार्च १९९५ ला केंद्र सरकारने अधिसूचना काढली की कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांची, मान्यताप्राप्त दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी केंद्राच्या नोकरीला चालेल. २०२० च्या नियमावलीत विद्यापीठ अनुदान आयोगाने पुन्हा सांगितलं की दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाला तेच परत एकदा जाहीर करावं लागलं. जे लोकांच्या मनात खरंच बरोबरीचं असतं, ते इतक्या वेळा सांगावं लागत नाही.

दुसऱ्या बाजूला कोर्टाचे निकालही आले. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की मुळात पदवी न घेता थेट मुक्त पद्धतीने घेतलेली पदव्युत्तर पदवी ग्राह्य धरता येणार नाही. ३ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी न घेता पत्राद्वारे दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्यांवर गदा आली. त्यातल्या २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. या दोन्ही निकालांशी आपल्या साध्या बी.ए., बी.कॉम.चा संबंध नाही. पण वर्तमानपत्रात मथळा येतो 'दूरस्थ पदव्या अवैध' आणि इथे मेहकरात पोरगी विचारते, "दादा, माझी बी.ए. रद्द झाली का?" तिला समजावून सांगावं लागतं की बाई, तुझी पदवी राज्याच्या कायद्याने उभ्या राहिलेल्या विद्यापीठाची आहे, ती शाबूत आहे.

मग कागदावर बरोबरी असूनही तो साहेब "रेग्युलर की एक्स्टर्नल" का विचारतो?

मी यावर खूप विचार केला. सुरुवातीला राग होता, आता थोडं समजतं. रेग्युलर कॉलेजात तीन वर्षं काढलेल्या पोराला पुस्तकाशिवाय चार गोष्टी मिळतात. रोज भेटणारे मित्र, ज्यांतला एक जण पुढे "आमच्या ऑफिसात जागा निघाली, ये" असा फोन करतो. बोलायची सवय, गॅदरिंग, वक्तृत्व, एनएसएस. कॉलेजात येऊन मुलाखती घेणाऱ्या कंपन्या, निदान शहरातल्या कॉलेजात तरी. आणि रिकामा वेळ, ज्यात माणूस चुकतो, शिकतो, एखादा कोर्स करतो. या चारही गोष्टी पार्सलने घरी येत नाहीत. मुक्त विद्यापीठ पुस्तक घरी पाठवू शकतं, ओळख घरी पाठवू शकत नाही.

साहेबाला प्रत्येकाची परीक्षा घ्यायला वेळ नसतो. त्याला झटपट चाळणी पाहिजे. 'रेग्युलर' या एका शब्दात त्याला कळतं की याच्या घरची परिस्थिती पोराला तीन वर्षं न कमावता शिकवण्याइतकी होती. तो स्वतःला सांगतो की मी शिक्षणाचा दर्जा बघतोय. प्रत्यक्षात तो घर बघत असतो. माझं म्हणणं कोणाला टोकाचं वाटेल. पण विचार करा. दिवसाचे अकरा तास दुकान सांभाळून, गिऱ्हाइकाची कटकट ऐकून, उधारीची वही चोख ठेवून जो पदवी घेतो, त्याच्याकडे चिकाटी, वेळेचा हिशोब, माणसं हाताळायची कला हे सगळं आहेच की. कंपन्या जाहिरातीत मागतात ते हेच. पण त्या अर्जात 'तीन वर्षं काय काम केलं' हा रकाना कोणी नीट वाचत नाही. आणि आपली पोरंही ते लिहीत नाहीत. लाज वाटते. "कृषी केंद्रात कामाला होतो" असं लिहिलं तर आपल्याला हलकं समजतील असं वाटतं. मीही लिहिलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. आपलं आपण झाकून ठेवू नये. बाहेरून शिक्षणात कच्चेपणा आहे. स्वाध्याय एकाचे बघून दहा जण उतरवतात. पुस्तक बाजूला ठेवून गाईडवर पेपर निघतो. संपर्क सत्राला पहिल्या रविवारी चाळीस जण आणि पाचव्या रविवारी चार. कुठे कॉपीही चालते, नाही कशाला म्हणू. कोणी म्हणेल, मग साहेब चूक काय करतो? पण हे सगळं रेग्युलरच्या कॉलेजातही चालतं, हे आपण सगळे जाणतो. नाव पटावर आणि पोरगं पुण्याला अभ्यासिकेत, असे कितीतरी 'रेग्युलर' आहेत. फरक इतकाच की त्याच्या कागदावर ते दिसत नाही आणि आमच्या कागदावर प्रत्येकाने ते गृहीत धरलेलं असतं.

आणि या कच्चेपणाची किंमतही सारखी मोजली जात नाही. ज्याच्या घरी पुढचा खर्च करायची ताकद आहे, तो तीन वर्षांत काही शिकला नाही तरी पुण्यात सहा महिन्यांचा कोर्स लावून भरून काढतो. ज्याच्याकडे ती ताकद नाही, त्याच्यासाठी ही पदवीच शेवटची संधी असते. म्हणून बाहेरून शिकणाऱ्याचं शिक्षण जास्त चोख हवं. त्याच्याकडे दुसरं काही नाही.

आपण मेहकरात बसून नाशिक-दिल्लीचं धोरण बदलू शकत नाही. पण काही गोष्टी गावात होऊ शकतात, त्या मांडतो.

एक. संपर्क सत्र हा आपला हक्क आहे. सत्र झालं नाही तर अमरावतीच्या विभागीय केंद्राला लेखी कळवा. अमरावती दीडशे किलोमीटरच्या वर आहे, तिथे जायची गरज नाही, ई-मेल करा, मी फुकट करून देईन. आणि सत्र झालं तर जा. चार जणांसाठी शिकवणाऱ्या सरांचा तरी मान ठेवा.

दोन. तुम्ही जिथे काम करता, तिथून अनुभवाचं पत्र घ्या. मेडिकल, कापड दुकान, पतसंस्था, आडत, झेरॉक्स सेंटर, काहीही असो. किती वर्षं, काय काम, कोणते हिशोब, कोणतं सॉफ्टवेअर, एवढं मालकाच्या लेटरहेडवर. मालक लोकांना हात जोडून विनंती, हे पत्र द्यायला का-कू करू नका. तुमच्या चार ओळींनी पोराच्या पदवीला वजन येतं.

तीन. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ चा आहे. २०१४ च्या दुरुस्तीने बिगर-अभियांत्रिकी पदवीधरांनाही त्यात जागा झाली. आपल्या तालुक्यातल्या संस्था, बँका, कारखानदार यांनी दरवर्षी चार-चार पोरं जरी अशी घेतली, तरी पात्रता आणि नोकरी यांच्यामधलं अंतर थोडं कमी होईल. नगरपरिषद, बाजार समिती, मोठ्या पतसंस्था यांच्याकडे हा विषय कोणीतरी लावून धरला पाहिजे. निवडणुकीत अभ्यासिकेचं आश्वासन सगळे देतात. अभ्यासिकेत बसून फॉर्म भरणारे आणखी वाढतील, काम शिकलेले कसे वाढतील तेही विचारा.

चार. जे बाहेरून शिकून वर गेले, त्यांनी ते लपवू नये. आपल्या तालुक्यात मुक्त विद्यापीठातून शिकून अधिकारी, शिक्षक, पोलीस झालेले लोक आहेत. पण सत्काराच्या भाषणात ते शाळेचं नाव सांगतात, पदवीचं सांगत नाहीत. त्यांनी एकदा स्टेजवर सांगितलं, "मी बाहेरून केलं," तर समोर बसलेल्या पन्नास जणांची मान वर होईल. आणि शक्य असेल तर त्यांतल्या एखाद्याचा फोन नंबर घ्या. कॉलेजच्या मित्राचा फोन आपल्याला येत नाही, निदान हा तरी येऊ दे.

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून गेला. नागपूर ते शिर्डीचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता मेहकर जवळ आलं. गाड्या सुसाट जातात खऱ्या. पण ज्याला चढायचं आहे त्याला इंटरचेंज पाहिजे, आणि इंटरचेंजपर्यंत जायला स्वतःची गाडी पाहिजे. बाहेरून घेतलेल्या पदवीचंही तसंच आहे. रस्ता झाला, हे खोटं नाही. १८८२ पासून आपल्या लोकांनी मागितलेला रस्ता आहे तो, त्याला नावं ठेवायची नाहीत. आता त्या रस्त्यापर्यंत पोचवणारी गाडी मागायची आहे.

त्या डोणगावच्या मुलीचं सांगायचं राहिलं. रकान्यात आम्ही 'दूरस्थ' असंच टाकलं. खोटं लिहायचं नाही म्हणून, आणि पुढे कागदपत्रं तपासताना अडचण नको म्हणूनही. मग तिला विचारलं, तीन वर्षं अभ्यासाशिवाय काय करत होतीस? म्हणाली, "काही नाही दादा. घरीच होती. बचत गटाचे हिशोब पाहत होती. बारा बायांचे." मी म्हटलं, किती वर्षं? म्हणाली, चार. एकदाही हिशोब चुकला नाही.

"मग हे काही नाही का?"

ती हसली. अनुभवाच्या रकान्यात ते लिहिलं. गटाच्या अध्यक्षबाईंचं पत्र दुसऱ्या दिवशी घेऊन आली, ते स्कॅन करून जोडलं.

बोलावणं अजून आलेलं नाही. आलं तर इथेच कळवतो. नाही आलं तरी कळवतो.

तुमच्या घरात, शेजारी कुणी बाहेरून शिकलं असेल, त्यांना पदवीने काय दिलं आणि काय नाही दिलं, खाली लिहा. नाव नका लिहू हवं तर. गावाचं नाव आणि कामाचं नाव पुरे. पन्नास जणांचं लिहून झालं की ते एकत्र करून मी विभागीय केंद्राला आणि आपल्या नगरपरिषदेला देणार आहे. दुकान रोज सकाळी नऊला उघडतं, रविवारीही.